घसा तीन दिवसांत बरा, मग औषध दहा दिवस का?

चाकण, भोसरी किंवा चिखलीतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर संध्याकाळी एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘दादा, पोराचा घसा दुखतोय, ताप पण आहे, काहीतरी द्या.’ मागणारा नुकताच शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरलेला असतो. डॉक्टरांकडे गर्दी आणि सकाळी पुन्हा फर्स्ट शिफ्ट. मग तापाच्या सिरपबरोबर एक अँटिबायोटिकची बाटली पिशवीत पडते. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागते, बाटली अर्धी राहते आणि पुढच्या वेळेसाठी किंवा धाकट्यासाठी फडताळात जाते.

या साध्या वाटणाऱ्या व्यवहारात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. घसा दुखणाऱ्या बहुतेक मुलांना अँटिबायोटिकची गरजच नसते, तरी ते मिळते. ज्या थोड्या मुलांना त्याची खरी गरज असते, त्यांना ते अर्धवट किंवा चुकीचे मिळते. पहिल्या चुकीने औषधे निकामी होतात. दुसऱ्या चुकीची किंमत काही मुले हृदयाच्या झडपांनी मोजतात.

घसा नेमका कशाने दुखतो?

मुलांच्या घशाच्या संसर्गात बहुतेक वेळा कारण विषाणू असते, म्हणजे सर्दी, फ्लू किंवा तत्सम व्हायरल. अशा मुलाला घशाबरोबर नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे, डोळे लाल होणे यांपैकी काहीतरी असते. तोंडात आणि तळहात-तळपायांवर फोड आले तर तोही विषाणूचाच प्रकार असतो. यातल्या जवळपास सगळ्या तक्रारी पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतात. विषाणूवर अँटिबायोटिक काहीच काम करत नाही.

दुसरे कारण जिवाणूचे. त्यातला महत्त्वाचा म्हणजे ‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस’, डॉक्टरांच्या भाषेत ‘स्ट्रेप’. घसा दुखतो म्हणून तपासायला आणलेल्या मुलांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांमध्ये तो सापडतो. पाच ते पंधरा या शाळकरी वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. तीन वर्षांखालच्या मुलांत तो क्वचित आढळतो.

तिसरे कारण संसर्गाचे नाहीच. ताप नाही, पण घसा सतत खवखवतो, सकाळी जास्त दुखतो, मूल तोंड उघडे ठेवून झोपते, अशा वेळी ॲलर्जी, वाढलेले ॲडेनॉइड, धूळ किंवा धूर यांचा विचार करावा लागतो. अवजड वाहनांनी उडणारी धूळ, खोलीत जळणारी डासांची कॉइल, घरातच ओढली जाणारी सिगारेट, यांवर कोणतेही सिरप चालत नाही. कारण दूर करणे हाच उपाय असतो.

मग स्ट्रेपची भीती कशासाठी?

इथे बहुतेक पालकांची गल्लत होते. स्ट्रेपने दुखणारा घसा औषध न घेताही तीन ते पाच दिवसांत बरा वाटू लागतो. धोका पुढे असतो. या जिवाणूशी लढताना काही मुलांचे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर आणि मेंदूवर हल्ला चढवते. हा ‘ऱ्हुमॅटिक ताप’. घसा बरा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी गुडघा, घोटा, कोपर असे मोठे सांधे एकामागून एक सुजतात, ताप येतो, धाप लागते. काही मुलांचे हातपाय नकळत वेडेवाकडे हलू लागतात. तोवर ‘मध्यंतरी घसा दुखत होता’ हे घरात कोणाच्या लक्षातही नसते.

सांध्यांची सूज उतरते. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र अनेकदा कायम राहते आणि असा ताप पुन्हा आला की वाढते. अशा मुलाला पुढे कित्येक वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. काहींना झडपेची शस्त्रक्रिया करावी लागते. मुलींमध्ये हा आजार कधी कधी थेट गरोदरपणात, धाप लागल्यावर उघड होतो.

हा आजार गर्दीच्या आणि गरिबीच्या वस्तीचा मानला जातो. एका खोलीत पाच-सहा जण झोपतात, तिथे स्ट्रेप एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. श्रीमंत देशांत तो बराच मागे पडला असला, तरी भारतात तो अजून आहे. जागतिक आरोग्य परिषदेने २०१८ मध्ये याविरुद्ध स्वतंत्र ठराव केला, तो त्यामुळेच.

तीन दिवसांत बरे वाटले, तरी दहा दिवस का?

कारण स्ट्रेपमधले औषध मुख्यतः घशासाठी नसतेच, ते हृदयासाठी असते. दुखणे थांबले म्हणजे जिवाणू संपला असे होत नाही. तो घशातून पूर्ण निघून जावा, म्हणून पेनिसिलिन किंवा त्याच कुळातले अमॉक्सिसिलिन दहा दिवस द्यावे लागते. तोंडाने औषध घेणे जमणार नसेल, तर डॉक्टर पेनिसिलिनच्या एकाच इंजेक्शनचा पर्यायही निवडतात.

दिलासा देणारी गोष्ट अशी की लक्षणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. म्हणजे धोक्याची लक्षणे नसतील, तर रात्री नऊ वाजता घाईघाईने काउंटरवरून अँटिबायोटिक आणण्याचे कारण नाही. त्या रात्री तापाचे औषध आणि पाणी पुरते. एक-दोन दिवसांत डॉक्टरांना घसा दाखवणे मात्र चुकवता येत नाही.

यात पिंपरीचा एक जुना धागा आहे. भारताचा पेनिसिलिनचा पहिला मोठा कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५५ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. आज ‘एचए’ म्हटले की अनेकांना फक्त कॉलनी आणि मैदान आठवते. पण इतक्या दशकांनंतरही स्ट्रेपवरचे पहिल्या पसंतीचे औषध तेच आहे. ते स्वस्त आहे आणि हा जिवाणू त्याला अजून दाद देतो.

काउंटरवर मात्र अनेकदा मिळते ते अझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्सिम. अझिथ्रोमायसिन हा मुख्यतः पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठीचा पर्याय आहे आणि काही ठिकाणचे स्ट्रेप त्याला जुमानत नाहीत. सेफिक्सिम, सेफपोडॉक्सिम ही तर ‘शेड्यूल एच-१’मधली औषधे आहेत. मार्च २०१४ पासून ती विकताना रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत नोंदवणे आणि ती वही तीन वर्षे जपणे मेडिकलवाल्यावर बंधनकारक आहे. साधे अमॉक्सिसिलिनही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. वेष्टनावर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही, एवढी खूण पालकांनी लक्षात ठेवली तरी पुष्कळ आहे.

स्ट्रेप आहे की नाही, हे घरी ओळखता येते का?

खात्रीने नाही, पण अंदाज बांधता येतो. अचानक आलेला ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके, जबड्याखाली मानेत दुखणाऱ्या गाठी आणि खोकला-सर्दीचा अभाव, ही लक्षणे एकत्र असतील तर स्ट्रेपची शक्यता वाढते. अंगावर खरखरीत लाल पुरळ आले तर ती आणखी वाढते. उलट नाक वाहत असेल आणि खोकला असेल, तर व्हायरलचीच शक्यता जास्त.

पांढरे ठिपके दिसले म्हणजे अँटिबायोटिक हवेच, हा समज चुकीचा आहे. काही विषाणूंमुळेही तसे ठिपके येतात. डॉक्टरही केवळ पाहून शंभर टक्के सांगू शकत नाहीत. त्यासाठी घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. कल्चरचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात. झटपट तपासणीचे किटही असते, त्याचा निकाल दहा-पंधरा मिनिटांत मिळतो. आपल्याकडे छोट्या दवाखान्यांत ते क्वचितच दिसते.

म्हणून पालकांनी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. ‘हे व्हायरल वाटते की जिवाणूचे?’ आणि ‘अँटिबायोटिक दिले असेल तर किती दिवस?’ ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या’ हा आग्रह सोडला, तर चिठ्ठीवरची अनावश्यक औषधे बरीच कमी होतील.

घरी काय करावे, काय टाळावे?

ताप आणि दुखणे यांसाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. मात्र डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. गडबड होते ती बाटलीवर. बाजारात ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम अशी वेगवेगळ्या ताकदीची सिरप मिळतात. बारा किलोच्या मुलाला १२० च्या बाटलीतून साडेसात मिली चालते. तेवढेच २५० च्या बाटलीतून दिले तर डोस दुप्पट होतो. त्यामुळे बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचावे आणि मोजायला चहाचा चमचा नाही, बाटलीबरोबरचे माप वापरावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

खाण्यात मऊ भात, पेज, वरण, खिचडी असे सहज गिळता येणारे काहीही चालते. मूल खात नसेल तर एक-दोन दिवस चालून जाते, पण पाणी पोटात गेलेच पाहिजे. एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध देता येतो, एक वर्षाखाली मध अजिबात नाही. ज्याला गुळण्या नीट जमतात, साधारण सहा वर्षांपुढच्या मुलाने, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. हळदीचे कोमट दूध आवडत असेल तर द्यावे, पण ते औषधाची जागा घेत नाही.

आइस्क्रीम, दही किंवा केळ्यामुळे घशाचा संसर्ग होत नाही. तो माणसाकडून माणसाला होतो. उलट थंड पदार्थाने काही मुलांना गिळणे सोपे जाते. ‘पडजीभ उतरली’ म्हणून घशात बोट घालून दाबण्याची पद्धत मात्र बंदच करावी. त्याने जखम होते. लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाफ देण्यात भाजण्याचा धोका मोठा आणि फायदा थोडा.

खोकला-सर्दीच्या सिरपबाबत विशेष सावधगिरी हवी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या खोकल्याच्या सिरपमुळे मुलांचे मृत्यू झाले. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले की दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत.

लगेच रुग्णालयात कधी न्यायचे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

• श्वास घेताना आवाज येणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे
• थुंकीही गिळता न येणे, तोंडातून सतत लाळ गळणे
• तोंड उघडता न येणे, मान ताठ होणे, आवाज घोगरा-दबका होणे
• मानेला मोठी सूज येणे
• सहा ते आठ तास लघवी न होणे, मूल सुस्त पडणे
• तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप येणे

श्वासाचा त्रास असलेल्या मुलाच्या घशात चमचा घालून पाहू नये. त्याला मांडीवर बसते ठेवावे आणि १०८ ला फोन करावा. घसा बरा झाल्यानंतरच्या महिनाभरात सांधे सुजणे, धाप लागणे, चहासारखी लालसर लघवी होणे किंवा डोळ्यांभोवती सूज येणे, हेही डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

घटसर्प अजून आहे का?

आहे. घशात राखाडी रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा आणि सुजलेली मान ही घटसर्पाची खूण. त्याचे विष श्वास आणि हृदय दोन्ही बंद पाडू शकते. बचाव लसीने होतो. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, १६ ते २४ महिन्यांत आणि पाच ते सहा वर्षांत डीपीटीचे बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. सगळे सरकारी केंद्रांत मोफत.

औद्योगिक पट्ट्यात अडचण होते ती बूस्टरची. कुटुंब मराठवाड्यातून किंवा बिहारमधून आले, खोली बदलली, कार्ड गावीच राहिले आणि पाचव्या वर्षाचा डोस कोणाच्या लक्षात आला नाही, असे सहज घडते. कार्ड हरवले तरी डोस नाकारला जात नाही. आशाताई किंवा जवळच्या केंद्रातल्या नर्सला विचारले की राहिलेले डोस पूर्ण करता येतात.

शाळेत कधी पाठवायचे? टॉन्सिल काढायचे का?

स्ट्रेप असेल तर अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास झाल्यावर आणि ताप उतरल्यावर मूल शाळेत जाऊ शकते. व्हायरलमध्ये ताप जाऊन मूल ताजेतवाने झाले की पुरे. तोवर ग्लास, टॉवेल वेगळा ठेवावा, हात धुवावेत आणि शक्य तर झोपताना इतर मुलांपासून थोडे अंतर ठेवावे. घरात दुसऱ्या कोणाचा घसा दुखू लागला, तर उरलेली बाटली त्याला न देता त्यालाही तपासून घ्यावे.

टॉन्सिल काढण्याचा निर्णय एक-दोन आजारपणांवर होत नाही. डॉक्टर साधारणपणे वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घशाचा जोरदार संसर्ग झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. झोपेत श्वास अडकत असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्येक आजारपणाची तारीख वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवली, तर हा निर्णय सोपा होतो.

दोष फक्त पालकांचा आहे का?

नाही. काउंटरवरून औषध घेणाऱ्या बापाला दोष देणे सोपे आहे. पण सरकारी ओपीडीची मुख्य वेळ सकाळची, त्याची शिफ्टही सकाळची. सुट्टी घेतली तर कंत्राटी कामगाराचा दिवसाचा पगार जातो. खासगी डॉक्टर आणि तपासणी मिळून होणारा खर्च त्यात वाढतो. अशा वेळी मेडिकल हाच त्याचा दवाखाना होतो.

तरीही जे उपलब्ध आहे, ते माहीत असले पाहिजे. या पट्ट्यात अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी सरकारी ओपीडी सुरू असते. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, भोसरी, थेरगाव आणि आकुर्डीची पालिका रुग्णालये, चाकणचे ग्रामीण रुग्णालय येथे मुलाला दाखवता येते. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कपात होते, आणि त्या बदल्यात त्याच्या मुलांनाही उपचार मिळतात. चिंचवडच्या मोहननगरमध्ये या योजनेचे रुग्णालय आहे. पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ दिसत असूनही कार्ड न काढलेल्या कामगाराने ते आधी काढावे.

पण माहिती देऊन यंत्रणेची जबाबदारी संपत नाही. राज्य सरकारने १ मे २०२३ रोजी ‘आपला दवाखाना’ योजना राज्यभर नेली, तेव्हा दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठरवण्यामागे कामावरून परतणारा माणूसच डोळ्यांसमोर होता. शिफ्टवर चालणाऱ्या या पट्ट्यात ती वेळ प्रत्यक्षात पाळली जाणे आणि महाळुंगे, कुरुळी, निघोजेसारख्या गावांपर्यंत अशी संध्याकाळची सेवा पोहोचणे ही चैन नाही, गरज आहे. तिथे घशाच्या झटपट तपासणीचे किट आणि दहा दिवसांचे अमॉक्सिसिलिन असले, तर अनावश्यक बाटल्या कमी होतील आणि खरी गरज असलेले मूल सुटणार नाही. कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी यासाठी वापरता येईल. अन्न व औषध प्रशासनाने एच-१ची वही खरोखर तपासली, तर काउंटरवरची विक्रीही आवरेल.

शाळांचाही वाटा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधूनच झाली. त्यातील तपासणीच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकार आहे. शाळेत पथक येते त्या दिवशी मूल हजर असेल आणि छातीला स्टेथोस्कोप नीट लागला, तर झडपेची इजा वेळेत सापडू शकते.

पेनिसिलिन पिंपरीत बनायला लागून सत्तर वर्षे झाली. ज्या गावात ते बनले, तिथल्या एखाद्या मुलाने केवळ संध्याकाळी दवाखाना बंद होता म्हणून आयुष्यभर झडपेचा आजार सोबत बाळगावा, हे परवडणारे नाही. पालकांसाठी हिशेब साधा आहे. घसा दुखला तर आधी तो डॉक्टरांना दाखवायचा. औषध नको म्हटले तर मागायचे नाही. दहा दिवसांचे दिले तर चौथ्या दिवशी थांबवायचे नाही.